एक स्टारच्या अभिप्रायाला उत्तर: 'अकरा दिवस' आणि 'संदिग्ध'

नमस्कार. तुम्ही आमच्या पॅथॉलॉजी लॅबला एक स्टार देऊन लिहिलंय, "बाबांच्या जठराच्या कॅन्सरचा हर-टू रिपोर्ट द्यायला 11 दिवस लावले, वर 'संदिग्ध' लिहून फिश टेस्टचे वेगळे पैसे मागितले. पैसे उकळायचा धंदा." तुम्हाला ताटकळावं लागलं आणि काउंटरवरच्या मुलीने तीनदा "उद्या नक्की" सांगितलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. ती चूक आमचीच.

पण 11 दिवस हे काही बरोबर नाही. रिपोर्टचा फोटो तुम्हीच टाकलाय, तेव्हा तारखांबद्दल बोलायला हरकत नसावी. दुर्बिणीची तपासणी झाली शुक्रवारी दुपारी दीडला, तशी जठरातून काढलेल्या तुकड्यांच्या डबीवर चिठ्ठी आहे. डबी नौपाड्यात आमच्या काउंटरवर आली सोमवारी सकाळी 10:40 ला. मधले दिवस ती कासारवडवलीला तुमच्या फ्रिजच्या दारात होती, हे तुम्हीच सांगितलंत. आम्ही शनिवारी रात्री आठपर्यंत उघडे असतो, रविवारी दीडपर्यंत. घोडबंदरचं ट्रॅफिक मला ठाऊक आहे हो, पण हर-टूसाठी, म्हणजे गाठीवर एक ठरावीक औषध लागू पडेल का ते बघायच्या तपासणीसाठी, तुकडा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवायच्या द्रवात, 6 ते 72 तासच राहायला हवा, आणि गारव्यात फॉर्मालिनचं काम मंदावतं ते वेगळंच. 69 तास होऊन गेले होते. हातातला चहा ठेवून मी आधी तुमचे तुकडे मशीनला लावले. बुधवारी संध्याकाळी कॅन्सरचं निदान तुमच्या हातात होतं. हर-टू तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिली गुरुवारी, तुम्ही पैसे भरलेत शुक्रवारी, रिपोर्ट मिळाला मंगळवारी. मध्ये रविवार. हे आमचे दिवस. मोजा.

आता 'संदिग्ध'. तो शब्द मी फार जपून लिहिला होता, आणि नेमका तोच तुम्हाला लागला. हर-टूचं जनुक तुमच्या-माझ्यातही असतं, 17 व्या गुणसूत्रावर, प्रत्येक पेशीत दोन प्रती. काही गाठींत त्या प्रती भरमसाट वाढतात, मग त्याचं प्रथिन पेशीच्या कडेला दाटीवाटीने बसतं आणि 'वाढ, वाढ' म्हणून पेशीच्या मागे लागतं. जठराच्या कॅन्सरमध्ये साधारण पाच-सहा रुग्णांत एकाचं असं असतं. आयएचसीमध्ये, म्हणजे आम्ही केलेल्या पहिल्या तपासणीत, आम्ही ते प्रथिन तपकिरी रंगवून बघतो. थ्री प्लस, म्हणजे सगळ्यात ठळक, असेल तर पाचच्या भिंगाखालीही नजरेत भरतं. काकांच्या स्लाइडवर पाचखाली काहीच नव्हतं. वीसच्या भिंगाखाली सात-आठ पेशींचा एक पुंजका, त्याला फिकट तपकिरी कड, तीही घोड्याच्या नालेसारखी, एका बाजूने उघडी. तुम्हाला आत बोलावून दुसऱ्या आयपीसमधून दाखवली होती. तुम्ही म्हणालात, "एवढंच?" एवढंच होतं. मुळात तुकडेच दोन आले, तांदळाच्या कणीएवढे, आणि त्यातल्या एकात गाठ नव्हतीच, नुसतं सुजलेलं अस्तर. या तपासणीला निदान पाच तुकडे लागतात, सहा ते आठ मिळाले तर उत्तम, कारण जठराच्या गाठीत एका कोपऱ्यात हे जनुक बोंबलत असतं आणि शेजारचा कोपरा गप्प असतो. किती तुकडे काढायचे ते मी ठरवत नाही. मंगळवारी सकाळी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनाही स्लाइड दाखवली, तेही टू प्लसच, म्हणजे संदिग्धच, म्हणाले. टू प्लस आलं की निकाल फिशने लावायचा, म्हणजे जनुकाच्या प्रतीच मोजायच्या, हा नियम जगभरचा आहे. माझ्या गल्ल्याचा नाही.

यावर तुम्ही म्हणालात, "मॅडम, पॉझिटिव्ह लिहून टाका ना, औषध तरी सुरू होईल." तुमची तगमग कळत होती म्हणून मी गप्प बसले. ते रिव्ह्यूत लिहायचं मात्र तुम्ही विसरलात. त्या औषधाची, ट्रास्टुझुमॅबची, जठराच्या कॅन्सरमधली मोठी चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली, 24 देशांतल्या रुग्णांवरची, सगळे हर-टू पॉझिटिव्ह आणि आजार पुढे गेलेला. नुसत्या केमोवर जगण्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा, 11.1 महिने होता, औषध जोडल्यावर 13.8. थ्री प्लस असलेले, किंवा टू प्लस असून फिश पॉझिटिव्ह आलेले, यांच्यात तो 11.8 वरून 16 वर गेला. ज्यांच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या पण प्रथिन जेमतेम, त्यांना फारसा फायदा दिसला नाही. यातला एकही आकडा काकांचं भविष्य नाही, इथे लिहितानाही हात जड होतोय. पण त्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, मधूनमधून टूडी इको करावी लागते. मी खोट्याने वाढवलेल्या एका प्लसवर ते काकांच्या शिरेत जाऊ देऊ?

फिशला आयएचसीच्या तिपटीहून जास्त पैसे पडतात, हे खरं. ती आमच्याकडे होत नाही, ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मुंबईला जातो आणि पैसेही बहुतेक तिकडेच जातात. 22 वर्षं हे दुकान, तुमच्या भाषेत धंदा, चालवतेय. दोन्ही बाजूंना साखळीवाल्या लॅब उभ्या राहिल्यात, मायक्रोस्कोपचा शेवटचा हप्ता आत्ता कुठे फिटला. तुमचा रिव्ह्यू मला दोन डॉक्टरांनी फॉरवर्ड केला, खाली एक अक्षर न लिहिता.

पैसे घेतानाच 'टू प्लस आलं तर फिश लागेल' हे सांगायला काउंटरवर बजावलंय, फॉर्मवरही छापून घेऊ.

तुम्ही अजून फिशला होकार दिलेला नाही. आमच्यामार्फत नको असेल तर राहू द्या, पण करा, आणि तोवर केमो सुरू करायची का ते तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा. काकांचा ब्लॉक आणि न रंगवलेल्या सहा स्लाइड पाकिटात घालून ठेवल्यात, त्याचे पैसे नाहीत. रविवारी दीडच्या आत या, आणि येताना मूळ पावती आणा. त्याशिवाय काउंटरवरची मुलगी ब्लॉक देत नाही, मी सांगितलं तरी.