पिवळी भिंत गेली कुठे?

एसीत बसून बांधकामाच्या नकाशात भिंती रंगवणाऱ्या साहेबलोकांनो, एकदा घोडबंदर रोडला साइटवर या! लाल म्हणजे आरसीसी (सळ्या घातलेलं काँक्रीट), हिरवी म्हणजे २०० मिलिमीटर जाडीचा एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा), पिवळी म्हणजे १०० चा. स्क्रीनवर काय ती रंगपंचमी! पण मिस्त्रीच्या हातात येते काळी-पांढरी प्रिंट, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. लाल करडी, हिरवीही करडी. आणि पिवळी? पार गायब!

बरं, हॅच, म्हणजे भिंतीत तिरप्या रेषा, मारा म्हटलं तर असा दाट मारतात की १:१०० च्या स्केलला १०० ची भिंत कागदावर जेमतेम १ मिलिमीटर, त्यात तिरप्या रेषांचा नुसता काळा चिखल. अहो, आरसीसी भरीव काळी करा, जाड ब्लॉकला विरळ तिरप्या रेषा, बारीक भिंत कोरी ठेवा. शेजारी भिंतीचा प्रकार डब्ल्यू-१, डब्ल्यू-२ असा लिहायला शाई संपते का? खुणांची यादी तर आहेच कोपऱ्यात. तीही रंगीत!

फोन केला की ठरलेलं उत्तर, "पीडीएफ बघा ना." भर पावसात, सिमेंटच्या हातांनी, फुटक्या मोबाइलवर?

काल मिस्त्री विचारतो, "साहेब, ही बांधायची की पाडायची?"