कॉलेज रेडिओ काढताय? पहिला पैसा गच्चीवर घाला

२००२ च्या अखेरीस सरकारनं शिक्षणसंस्थांना रेडिओची दारं उघडली, १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं अण्णा एफएम सुरू झालं आणि मग आपल्याकडेही पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी वगैरे आलं. तरी आजही नवं केंद्र काढायचं म्हटलं की पहिल्या बैठकीत नाव, लोगो आणि उद्घाटक यांचाच घोळ. स्टुडिओला मोठी काच, महागडे माइक. आणि अँटेनाची केबल मात्र ‘मिळेल ती’.

५० वॅटचा ट्रान्समीटर आणि ३० मीटर केबल धरा. आरजी-५८ सारखी बारीक केबल टाकली तर अँटेनापर्यंत पोचतात जेमतेम १६-१७ वॅट. आरजी-२१३ वर ३०-३१, एलएमआर-४०० वर ३८ च्या आसपास. उरलेली वीज केबल तापवण्यात जाते. म्हणजे बारीक केबल घेतलीत तर दोन-तृतीयांश ट्रान्समीटर तुम्ही केबलच्या दुकानातच सोडून आलात.

सरकारकडून फ्रिक्वेन्सीचं पत्र हातात पडेपर्यंत अँटेना घेऊ नका. ९०.४ मेगाहर्ट्झवर अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (दोन दांड्यांची साधी अँटेना) साधारण १.५८ मीटरचा, १०७.४ वर १.३३ चा. चुकीच्या मापाचा लावलात तर वीज परत फिरते. किती, ते एसडब्ल्यूआर या आकड्यावरून कळतं: तो १.५ असेल तर ४ टक्के, ३ झाला तर २५ टक्के. अँटेना न जोडता ‘जरा चालू करून बघू’ म्हणणाऱ्याला ट्रान्समीटरजवळ फिरकू देऊ नये. चाचणी ५० ओहमच्या डमी लोडवरच, म्हणजे अँटेनाऐवजी वीज पिऊन टाकणाऱ्या रोधावर.

खरी परीक्षा जूनमध्ये. कनेक्टरवर नुसती काळी इलेक्ट्रिक टेप गुंडाळलेली असते. ती उन्हात सुटते आणि पहिल्याच पावसात पाणी आत. एसडब्ल्यूआर चढतो, ट्रान्समीटर जीव वाचवायला पॉवर कमी करतो, वसतिगृहात खरखर सुरू. आणि खाली स्टुडिओत कुणीतरी मिक्सरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर ढकलतो! त्यानं पल्ला तसूभरही वाढत नाही, फक्त आवाज फाटतो. स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वर साधी टेप, आणि केबल इमारतीत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

आवाज ठरल्या पातळीवर रोखणाऱ्या लिमिटरवर काटकसर नको. एफएममध्ये आवाजानुसार फ्रिक्वेन्सी मागेपुढे सरकते, तिची मर्यादा ±७५ किलोहर्ट्झची. शिवाय प्रसारणाआधी ५० मायक्रोसेकंदांचं प्री-एम्फसिस नावाची प्रक्रिया वरचे स्वर उचलते, त्यामुळे मीटर ठीक दिसत असतानाही ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे येतात. माइक तोंडापासून वीतभर, थोडा तिरका. भिंतींना अंड्याचे ट्रे तर मुळीच नकोत: घुमणारा खालचा आवाज ते शोषत नाहीत, आग मात्र झटकन पकडतात. त्यापेक्षा दगडी लोकरीच्या जाड पाट्या, भिंतीपासून चार बोटं सोडून.

कार्यक्रमांचं म्हणाल तर रोज सहा तासांची हौस नकोच. एक तास नवा, तोच संध्याकाळी पुन्हा. आणि ३० तासांचे कार्यक्रम आधीच तयार ठेवल्याशिवाय हवेत जायचं नाही, कारण परीक्षा आल्या की मुलं गायब होतात आणि त्यांचा दोष नाही. ‘कॅम्पस न्यूज’ हे नाव टाळा. स्वतःच्या बातम्यांना परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात. प्रवेश, निकाल, नोकरीच्या जागा, पाणी-वीज बंदची सूचना हे सगळं मात्र चालतं. आणि प्रसारणाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपावं लागतं. त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क पहिल्याच खरेदीत घ्या.