‘स्क्रू घातला आणि पाच महिने लटकवलं’: या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार,

एकच स्टार दिलात, पण सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही नीट देतो. बाबांची फाइल इथे उघडणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो. तुमचं म्हणणं असं: बाबा ७१ वर्षांचे, डायबेटिस आहे, वरची दाढ बसवायची होती. आधी शुगरचं कारण सांगून परत पाठवलं, मग स्कॅनचा खर्च, मग जबड्याच्या हाडात स्क्रू (म्हणजेच इम्प्लांट) बसवून त्यावरच्या कॅपसाठी, म्हणजे वर दिसणाऱ्या दातासाठी, पाच महिने थांबा म्हटलं. दुसरीकडे ‘एका दिवसात दात’ मिळतो, म्हणजे आम्ही खेपा वाढवून बिल फुगवतो. शिवाय सोसायटीत कुणीतरी सांगितलं की या वयात इम्प्लांट टिकत नाही आणि नंतर एमआरआय करता येत नाही.

आधी पाच महिन्यांचं, कारण खरा राग तिथेच आहे. स्क्रू बसवला त्या दिवशी तो घट्टच असतो, पण खिळा लाकडात घट्ट असतो तसा. ती पकड टिकणारी नव्हे. दाबलं गेलेलं जुनं हाड शरीर हळूहळू काढून टाकतं आणि स्क्रूला चिकटून नवं हाड भरतं. या अदलाबदलीत साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड उलट कमी होते. दुखत नाही, सूज नाही, पेशंटला वाटतं सगळं झालं. आणि नेमकं तेव्हाच त्या दाढेवर भाकरी चावली, तर स्क्रू हाडात किंचित हलत राहतो आणि भोवती हाडाऐवजी मऊ पेशी भरतात. असा स्क्रू पुढे काढावाच लागतो. खालच्या जबड्याचं हाड टणक, तिथे तीनेक महिन्यांत भागतं. वर मागच्या बाजूला ते मऊ असतं आणि लगेच वर सायनसची, म्हणजे नाकाशेजारची हवेची पोकळी, म्हणून चार ते सहा महिने. हा स्क्रू टायटॅनियम धातूचा असतो; टायटॅनियमला हाड धरतं हे स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी दाखवलं, १९६५ साली पहिल्या पेशंटला असे दात बसवले, आणि थांबण्याची पद्धतही त्यांच्यापासूनचीच.

एका दिवसात दात हे खोटं नाही. पुढचा दात असेल, हाड भरपूर असेल, स्क्रूची पकड मोजून पुरेशी भरली, तर आम्हीही त्याच दिवशी तात्पुरता दात लावतो. पण तो दिसण्यापुरता, खालच्या दाताला न टेकणारा. पक्की कॅप नंतरच. जाहिरातीत हे वाक्य सहसा नसतं.

स्कॅनबद्दल: साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. सायनस किती मिलिमीटरवर आहे हे न बघता मी वरच्या दाढेत ड्रिल घालणार नाही, पेशंट दुसरीकडे गेला तरी चालेल. शुगरचंही तेच. डायबेटिस म्हणजे इम्प्लांट नाही, असं नाही. ताब्यात नसलेली शुगर जखम भरू देत नाही आणि इन्फेक्शनचा धोका वाढवते. वयाचा अडसर खरं तर लहान मुलांना, कारण त्यांचा जबडा वाढत असतो. सत्तरीतला माणूस तब्येतीने ठीक असेल तर हाड धरतं. (मला वयापेक्षा मिश्री आणि तंबाखूची धास्ती जास्त.) एमआरआयचं सोसायटीत सांगून टाका: टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. तपासणीआधी इम्प्लांट आहे एवढं सांगायचं. जबड्याजवळचं चित्र थोडं अस्पष्ट येईल, इतकंच.

बिलाचं म्हणाल तर स्क्रू, त्यावरचा जोडभाग आणि कॅप यांचे आकडे पहिल्याच दिवशी कागदावर वेगवेगळे दिले जातात. थांबण्याच्या महिन्यांचे पैसे लागत नाहीत. फोनवर कुणी स्वस्त आकडा सांगितला, तर तो तिन्हींचा की नुसत्या स्क्रूचा, हे विचारून घ्या.

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून बाबांना नौपाड्यात आणणं सोपं नाही, हे मात्र शंभर टक्के मान्य. पुढच्या वेळी दुपारची अपॉइंटमेंट घ्या. स्क्रूची तपासणी आणि कॅपचं माप एकाच बैठकीत घेऊ. येताना एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी आणा, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही चालू असेल तर तेही त्यात लिहा. आणि तोवर बाबांना त्या बाजूने चकली-शेंगदाणे नकोत, ब्रश मात्र दोन्ही वेळा. इम्प्लांट किडत नाही, पण भोवतीची हिरडी खराब होते.

– डॉक्टर, नौपाडा, ठाणे