यूनी, यूली आणि अख्खी वेटिंग रूम

माझी जन्मतारीख आता जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या डझनभर अनोळखी माणसांना तोंडपाठ आहे. सख्ख्या नणंदेला नाही, पण त्यांना आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन कोणी उचलत नाही, म्हणून परवा अपॉइंटमेंट घ्यायला स्वतःच गेले. काउंटरवरच्या बाईंनी माझं विम्याचं कार्ड मशीनमध्ये सारलं आणि पडद्याकडे बघतच विचारलं, "गेबुर्ट्सडाटुम?" आता, ही जन्मतारीख कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेली असते. मशीनमध्ये कार्ड घातलं की पडद्यावरही येते. तरी विचारायचं. का, तर विचारायचं असतं.

मी काही घाबरले नाही. जर्मन आकडे उलटे, आधी एकक आणि मग दशक, म्हणून रडायचं ते इंग्रजांनी. आपल्या सत्तावीसमध्ये तरी आधी सातच येतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा केवढा गहजब झाला, विधानसभेतसुद्धा कोट्या झाल्या. इथेही 'त्स्वान्त्सिशआइन्स' म्हणजे चक्क 'वीस एक' नावाची एक संस्था आहे. आकडे सरळ म्हणा, एवढीच तिची मागणी. तिचंही कोणी ऐकत नाही.

वार-महिन्यांची तर मला भीतीच नव्हती. सातही वार पुल्लिंगी, बाराही महिने पुल्लिंगी. ज्या भाषेत मुलगी नपुंसकलिंगी असते, तिथे एवढी शिस्त म्हणजे दिवाळीच म्हणायची. वाराला 'आम', महिन्याला 'इम', घड्याळाला 'उम' आणि सालाला काहीच नाही, हे मी भाजी चिरताना घोकलेलं आहे. तेव्हा खणखणीत आवाजात म्हटलं, "आम झीबनउंटत्स्वान्त्सिशस्टन यूनी." म्हणजे सत्तावीस जूनला.

"यूली?"

"यूनी."

"यूली, बरोबर?"

"यूनो!" मागून आवाज आला.

काउंटरपासून हातभर लांब एक पाटी आहे: कृपया खासगीपणा जपा, अंतर ठेवून उभे राहा. त्या पाटीला टेकूनच एक आजोबा उभे होते. अंगात बिनबाह्यांचं खूप खिशांचं जाकीट, हातात चष्म्याची रिकामी डबी. "यूंगऽ फ्राउ," म्हणजे 'तरुण बाई', असं मला संबोधून त्यांनी शिकवणी सुरू केली. जूनला यूनो म्हणायचं आणि जुलैला यूलाय, म्हणजे फोनवर घोटाळा होत नाही. दोनला त्स्वाय नाही, त्स्वो म्हणायचं, नाहीतर समोरच्याला द्राय ऐकू येतं आणि दोनाचे तीन होतात. "क्लासात शिकवत नाहीत का हे?" नाही शिकवत. क्लासात सगळ्यांना सगळं ऐकू येतं.

मग साल. "नॉयन्त्सेनहुंडर्टझेक्सउंटझीब्त्सिश," मी एका दमात म्हटलं.

बाई टाइप करता करता थांबल्या. "झीबनउंटझेश्त्सिश?"

म्हणजे शहात्तरचे सदुसष्ट. एका फटक्यात नऊ वर्षं! पडद्यावर खरं साल दिसत असताना! मी तोंड उघडायच्या आत आजोबा अर्धवट वळले, मला केसांपासून चपलांपर्यंत न्याहाळलं आणि विचारपूर्वक म्हणाले, "शहात्तर असावं."

असावं! त्यानंतर 'यूंगऽ फ्राउ'मधलं 'यूंगऽ' गळालं, ते गळालंच.

एव्हाना खुर्च्यांवरच्या मंडळींना विषय मिळाला होता. विणत बसलेल्या एका बाईंनी हिशेब केला. "म्हणजे पुढच्या महिन्यात पन्नास की हो!" त्या उठून माझा हात हातात घेणार, तोच आजोबा ओरडले, "आधी नाही! अपशकुन होतो!" वाढदिवसाच्या आधी इथे कोणी शुभेच्छा देत नाही. बाई वरमल्या, मोबाइलमध्ये बघून म्हणाल्या, "बरं, पण झाम्स्टाग येतोय, छान."

"झोनआबंट," आजोबा म्हणाले.

आणि पेटलं. बाई श्टुटगार्टच्या, तिकडे शनिवारला झाम्स्टाग. आजोबा इथलेच, पूर्व जर्मनीत वाढलेले, त्यांचा झोनआबंट. बाई म्हणाल्या, झोनआबंट हे पूर्व जर्मनीचं सरकारी भूत आहे, ते सरकार गेलं, आता भूतही जाऊ द्या. आजोबांनी हुकमाचं पान काढलं: जर्मनीच्या दिवाणी संहितेचं कलम १९३ उघडून बघा, त्यातसुद्धा झोनआबंटच लिहिलंय. एक तरुण पोरगा कानातले इयरफोन काढून खरंच बघायला लागला. माझा वाढदिवस, माझा शनिवार, आणि मीच मधे अंग चोरून उभी.

काउंटरवरच्या बाईंनी शेवटी चिठ्ठी पुढे केली आणि वाचूनही दाखवली: "डोनर्सटाग, त्स्व्योल्फ्टन एल्फ्टन, फिर्टल नॉयन." गुरुवार, बाराव्या-अकराव्याला. म्हणजे महिन्याचं नाव टाळून नुसता आकडा सांगायची सोय या भाषेत आहे, आणि ती बाईंना उत्तम ठाऊक आहे. मग मघाशी 'सहावा' असं विचारता येत नव्हतं?

'फिर्टल नॉयन' ऐकताच आजोबा आणि श्टुटगार्टच्या बाई एका सुरात मला समजवायला धावले. शनिवारवरून भांडणाऱ्या त्या दोघांची या बाबतीत पक्की एकी निघाली. पाव नऊ, म्हणजे सव्वानऊ नव्हे हं, नववा तास पाव भरला, म्हणून सव्वाआठ! आजोबांनी त्यासाठी स्वतःचं मनगटी घड्याळ काढून काटा फिरवून दाखवला. मी 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हणत राहिले.

चिठ्ठीवर १२ नोव्हेंबर होता. बाहेर मे महिना चालू होता. माझे जून, जुलै, शनिवार, सहाचे सात, सगळं त्या खोलीने खरवडून काढलं, पण डोळे तपासायला सहा महिने थांबायचं, यावर एकानेही चकार शब्द काढला नाही.