“छान झालाय, विकायला का नाही काढत?”

गेल्या रविवारी भिशीला जाताना मी घरी शिवलेले चार ॲप्रन बरोबर घेतले होते. एकीने घडी उलगडली आणि म्हणाली, “अगं, किती सुबक शिवलायस! विकायला का नाही काढत? तीनशेला सहज जाईल.” बोलली ती कौतुकानेच. पण दोन वर्षांत हेच इतक्या जणींनी विचारलंय की एकदा नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

मला ते विकायचे नाहीत. मी मैत्रिणींसाठी शिवते आणि पुढेही त्यांच्यासाठीच शिवणार आहे.

माझ्या आजीला ॲप्रन कधी लागला नाही. तिच्याकडे पदर होता. हात पुसायला पदर, चुलीवरचं पातेलं उतरवायला पदर, नातवंडांची तोंडं पुसायलाही तोच. आम्ही ड्रेस आणि गाऊनवर आलो आणि पदर गेला. भाकरी थापताना पीठ अंगावर उडतंच, आणि आमच्या सोलापुरात भाकरीशिवाय दिवस जात नाही. मग ओले हात गाऊनलाच पुसायचे, दुसरं काय करणार!

सुरुवातीला माझी एक मोठी चूक झाली. इथे शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा आहे. त्यातलं उरलेलं कापड किलोवर मिळतं, आणि ते छान जाड असतं. पहिला ॲप्रन मी त्याचाच शिवला. एकदा मागच्या बर्नरवरचं पातेलं उतरवायला वाकले आणि पोटाजवळचं कापड पुढच्या ज्योतीला लागलं. ते आकसून वितळलं आणि वितळलेला थेंब बोटाला चिकटला. व्रण अजून आहे.

ते कापड टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं सुती कापड होतं, हे मला सांगितलं माझ्या एका तेलुगू मैत्रिणीने. तिच्या वडिलांची हयात मागावर गेली. तिने कापडातला एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो, त्याची राख बोटांत चुरली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. दोन मिनिटांचं काम आहे. स्वयंपाकघरात घालायचं काहीही शिवण्याआधी हे करून बघा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. खणाच्या ॲप्रनचे फोटो फार सुंदर दिसतात, पण हल्ली बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो. खण हवाच असेल तर त्याचं पाकीट शिवा, गॅससमोर घालायला नको.

आता मी दोनच गोष्टी वापरते. एक मांजरपाट आणि दुसरी जुनी सुती लुगडी. कोरं मांजरपाट आटतं, म्हणून ते रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायला घ्यायचं. लुगडं विरलेलं असतं, त्यामुळे त्याचे दोन थर घेते. गोधडीला आपल्याकडे हेच करत आले आहेत. आणि काठ! काठाची वीण घट्ट असते, अंगाचं कापड विरलं तरी काठ शाबूत राहतो. त्याच्या नाड्या फार मजबूत होतात. कमरेला एका बाजूला सोलापुरी टॉवेलचा वीतभर तुकडा टाचते. त्यालाच हात पुसायचे. माझ्यापुरता तो पदर परत आला.

आता विकण्याबद्दल. विकायचं म्हटलं की एक माप ठरवावं लागतं. माझ्या एका मैत्रिणीला स्पॉन्डिलायटिस आहे, गळ्यातल्या नाडीने तिची मान भरून येते. तिच्या नाड्या मी खांद्यांवरून पाठीवर फुलीसारख्या नेल्या, म्हणजे भार खांद्यांवर पडतो. दुसरी डावखुरी, तिचा खिसा डावीकडे. तिसरी इतकी बुटकी आहे की नेहमीचा ॲप्रन तिच्या पायात अडकेल. कटिंग करताना त्या त्या मैत्रिणीचा ओटा आणि तिची वावरण्याची पद्धत माझ्या डोळ्यांपुढे असते. हे तीनशे रुपयांत बसवायचं तर मला घाई करावी लागेल, आणि घाई झाली की ती मैत्रीण डोळ्यांपुढून जाईल.

ज्या बायका शिवणावर घर चालवतात त्यांच्याबद्दल हे मुळीच नाही. त्यांच्याकडे “मैत्रीण आहेस ना, एवढं शिवून दे” म्हणत फुकटात काम मागणं मला मनापासून खटकतं. त्यांना पुरती शिलाई द्या, घासाघीस करू नका. माझं पेन्शनवर भागतं, म्हणून मला देता येतं, याची मला जाणीव आहे.

आणि मीही फक्त देत नाही. एकीने मला कशिद्याचा टाका शिकवला, एकीने क्रोशाची लेस विणून दिली. संक्रांतीला आपण वाण ‘लुटतो’ म्हणतो, तो शब्द मला फार आवडतो. या वर्षी मी अकरा ॲप्रन लुटले. त्यातले दोन अशा मैत्रिणींना दिले ज्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही. माझ्या घरी त्या पहिल्या आल्या.

कटिंगही कुणापासून लपवत नाही. सव्वा मीटर मांजरपाट पुरतं. वर्तमानपत्राची पानं जोडून घ्या आणि उभी दुमडा. दुमडीपासून वर 5 इंच, खाली 14 इंच, लांबी 34, आणि काखेचा गोल वरून 10 इंचांवर संपवा. चारी बाजूंनी इंचभर शिलाई सोडा. काखेला सरळ पट्टी लावू नका, चुण्या पडतात. उरेब पट्टी, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेने कापलेली पट्टी लावा, ती गोलाबरोबर वळते. कुणाला जमलं नाही तर दुपारी चारनंतर घरी या, मशीन रिकामं असतं.

सध्या टेबलावर शेजारच्या मुलाचा ॲप्रन आहे. तो शिकायला पुण्याला चाललाय, खोली घेऊन स्वतः स्वयंपाक करणार आहे. उंची 5 फूट 11 इंच, म्हणून लांबी 38 धरलीय. “काकू, खिसा मोठा ठेवा, कुकरच्या शिट्ट्या मोजताना आईला फोन लावायचा असतो,” म्हणाला. खिसा आठ इंचांचा कापलाय.