खाली मॅग्नेट नाहीये हो!

"बरोबर मूल कुठंय?" काल एका म्युझियममध्ये एका स्वयंसेविकेकडून मला असं विचारण्यात आलं, तेही रांगेत ताटकळून नंबर लागल्यावर. विज्ञान आणि कला यांचा मेळ घालणारं ते दालन 'कुटुंबांसाठी' आहे म्हणे. "मग जरा बाजूला थांबता का काका, फॅमिलीजना पुढे येऊ द्या."

मला बघायचा होता तो क्लाडनीचा पत्रा. मध्यभागी खांबावर घट्ट बसवलेला चौकोनी पितळी पत्रा, वर बारीक वाळू. काठावरून व्हायोलिनचा गज ओढला की पत्रा किंचाळतो, थरथरणाऱ्या भागावरची वाळू उडून स्थिर रेषांवर जाऊन बसते आणि बघता बघता नक्षी उमटते. एर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने या आकृत्या १७८७ साली छापल्या, १८०९ मध्ये नेपोलियनलाही करून दाखवल्या. नेपोलियनच्या युवराजांचा जन्म १८११ चा. म्हणजे सम्राटही मूल न घेताच आला होता, पण त्याला कुणी बाजूला थांबवल्याचं ऐकिवात नाही.

तर पुढे आलेली फॅमिली. बाप, मुलगा आणि बापाचा मोबाइल. बापाने गज स्वतःच्या ताब्यात घेतला आणि मोबाइल मुलाच्या तोंडासमोर धरला.

"बघ, डिझाइन आलं! आता आश्चर्य दाखव."

मुलाने तोंड उघडलं.

"असं नाही. वाळूकडे बघून. थांब, पुसतो. हां, पुन्हा आश्चर्य!"

तिसऱ्यांदा चकित झाल्यावर पोरगं टेबलाखाली शिरलं. मला ते आवडलं. खांब चाचपून त्याने विचारलं, "बाबा, हे हलतं कशामुळे?"

"खाली मॅग्नेट आहे."

"नाहीये. मी बघितलं."

"आतमध्ये असतं. दिसत नाही."

मला राहवलं नाही. "अहो, वाळू मॅग्नेटला चिकटत नाही."

"तुम्ही सायन्सवाले का?"

"नाही."

"मग?" एवढं बोलून त्याने पुन्हा गज ओढला.

१९६९ साली भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञानाचं म्युझियम उघडलं, ते लोकांनी गोष्टी स्वतः करून बघाव्यात म्हणून. स्वतः म्हणजे स्वतः. मुलाच्या वतीने बापाने नव्हे. आमच्या लहानपणी 'हात लावू नये' अशी पाटी असायची. आता 'हात लावा' लिहिलेलं असतं, तर तिथे आधीच कुणाच्या तरी वडिलांचा हात असतो. आणि मूल नसलेल्या मोठ्या माणसाला कुतूहल असेल तर त्याने ते कुठे घेऊन जायचं, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

"काका, जरा व्हिडिओ काढता? दोघंही दिसू देत."

काढला. काय करणार? तेवढ्यात मघाची ती स्वयंसेविका आली. "अय्या, तुम्ही यांच्याबरोबर आहात होय! आधी नाही का सांगायचं?" तिने लगबगीने माझ्या हातात गज दिला.

ओढला. नुसताच घसरला, कारण गजाला पकड देणारी राळ त्या गृहस्थाने घासून घासून पार संपवली होती. वाळूचा एक कण हलेल तर शपथ.

"थांबा थोडं, काका," बाप समजुतीने म्हणाला, "मॅग्नेट गरम झाला असेल."