छेदात कोण कोण आहे?

सांगलीतल्या एका महाविद्यालयात २७ वर्षे संख्याशास्त्र शिकवल्यामुळे टक्केवारी दिसली की माझी नजर आधी छेदाकडे जाते. पुतण्याला व्यसनमुक्तीसाठी दाखल करायचे ठरले, तेव्हा ज्या केंद्राच्या माहितीपत्रकावर बरे झालेल्यांचा टक्का ठळक छापला होता, तेच केंद्र आम्ही निवडले. हा टक्का कोणापैकी, हे मी तेव्हा विचारले नाही. वहिनी समोर रडत असताना असले प्रश्न सुचत नाहीत.

उत्तर नंतर कळले. मुदत पूर्ण करून जे बाहेर पडले आणि ज्यांनी नंतर फोन उचलला, त्यांच्यापैकी तो टक्का होता. मधेच निघून गेलेले, पुन्हा नशा केल्यामुळे नाव कमी केलेले, नंबर बदललेले, हे सगळे हिशेबातून गळाले होते. आमचा पुतण्याही गळाला. घरी आल्यावर त्याला त्या केंद्रातून एकदाच फोन आला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कुपवाडला मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘एमडी’चा, साठा पकडला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत एमडी बनवणारा कारखानाच सापडला. दोन्ही वेळा जिल्ह्यात किलो आणि कोटींची चर्चा भरपूर झाली. ते घेणारी पोरे उपचाराला गेली का आणि गेली तर किती दिवस टिकली, ही चर्चा मला तरी ऐकू आली नाही. एम्सच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळतो. दारापर्यंत पोहोचणारेच इतके थोडे असतील, तर आत आलेल्या माणसाला उपचार अर्ध्यावर सोडून जाऊ देणे किती महागात पडत असेल!

अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ९० दिवसांपेक्षा कमी उपचारांचा उपयोग मर्यादित असतो आणि हेरॉइनसारख्या व्यसनावर पर्याय म्हणून देतात त्या मेथाडोन या औषधाच्या उपचारासाठी किमान १२ महिने धरावे लागतात. यावर माझाच एक विद्यार्थी हात वर करून म्हणाला असता की, सर, ज्यांना मुळातच व्यसनातून सुटायचे असते तेच टिकतात, मग श्रेय उपचाराचे की त्यांच्या इच्छेचे? शंका रास्त आहे, आणि म्हणूनच २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला स्टॉकहोमचा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. हेरॉइनचे व्यसन असलेल्या ४० जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. समुपदेशन दोघांनाही सारखेच होते, परंतु एका गटाला ब्युप्रेनॉर्फिन हे मेथाडोनसारखेच पर्यायी औषध वर्षभर मिळाले आणि दुसऱ्याला सहा दिवसांनंतर औषधासारखी दिसणारी निव्वळ गोळी. वर्षअखेरीस पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात होते. दुसऱ्या गटात एकही उरला नव्हता आणि त्यांच्यातले चार जण मरण पावले होते. पुढे २०१७ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात मेथाडोन चालू असताना दर हजार व्यक्ति-वर्षांमागे (म्हणजे हजार माणसांवर वर्षभर नजर ठेवली तर) ११.३ मृत्यू होते, तर उपचार सुटल्यावर ३६.१. उपचार सुटल्यावर नशा सहन करण्याची शरीराची सवय मोडते आणि बाहेर पडलेला माणूस जुनाच डोस घ्यायला जातो, हे यामागचे एक मोठे कारण आहे.

एमडीसाठी असे मान्यताप्राप्त पर्यायी औषध नाही. तिथे समुपदेशन, लघवीची तपासणी स्वच्छ आली तर छोटेसे बक्षीस आणि त्या माणसाने पुन्हा पुन्हा येत राहणे, एवढ्यावरच मदार असते. म्हणजे औषध नसल्यामुळे टिकून राहण्याचे मोल आणखी वाढते.

मग माणसे उपचार अर्ध्यावर का सोडतात? काहींची इच्छाच नसते, हे खरे. पण जतहून किंवा आटपाडीहून एसटीने येणाऱ्याचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते, याचा विचार तारीख देताना होतो का? तासगाव भागातल्या माणसाला द्राक्षबागांच्या ऐन ऑक्टोबर छाटणीत मंगळवारी सकाळी अकराला बोलावले, तर तो येणार नाही, आणि वहीत मात्र ‘रुग्ण असहकार्य करतो’ अशी नोंद होईल. पुन्हा नशा केली म्हणून नाव कमी करण्याची पद्धत तर मला अजिबात पटत नाही. साखर वाढली म्हणून मधुमेहाच्या रुग्णाला कोणी दवाखान्यातून घालवून देत नाही.

टिकण्याचा आकडाही डोळे मिटून मानू नये, हे सांगायला हवे. दाराला कुलूप लावले तर शंभर टक्के टिकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात, त्यामुळे रुग्णाची संमती हा केंद्राच्या व्यवस्थापकाच्या मर्जीचा विषय राहत नाही. कोंडून ठेवलेल्याला मी टिकलेला मानत नाही.

दुसऱ्या केंद्रात गेलो तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला की, गेल्या वर्षी दाखल झालेल्या सगळ्यांपैकी आज किती जण तुमच्या संपर्कात आहेत? तिथल्या समुपदेशक ताईंनी वही उघडली, ‘संपर्क नाही’ असा शेरा असलेली नावेही मोजली आणि जो आकडा सांगितला, तो पहिल्या केंद्राच्या माहितीपत्रकापेक्षा पुष्कळच कमी होता. पुतण्याला आम्ही तिथे घातले. मधे एकदा तो घसरला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, की त्याला घेऊन या, रागवू नका. पुढची तारीख गुरुवारची आहे. ती त्यांनी त्याची कामाची पाळी विचारून दिली आहे.